ढोल किती आणि ताल किती?

संगीतावर लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. मी शेवगावचा एक शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो, वर्ग घेतो आणि क्रीडादिनी मुलांच्या लेझमीपुढे शिट्टी फुंकतो. पण ताल हा चकलीसारखा पदार्थ आहे. बिघडला की ज्याला करता येत नाही त्यालाही कळतो. त्या भरवशावर हे चार शब्द.

ढोल-ताशा पथक ही आज महाराष्ट्राची मोठी हौस झाली आहे. पुण्यात रमणबाग शाळा आणि १९६२ साली आप्पासाहेब पेंडसे यांनी स्थापलेली ज्ञान प्रबोधिनी यांच्या पथकांनी शाळकरी मुलांच्या कमरेला ढोल बांधला. पुढे मुलीही त्याच तोऱ्याने उभ्या राहिल्या. आता हे लोण तालुक्याच्या गावापर्यंत पोचले आहे. पुढे ध्वज, मग ताशे, मागे ढोलांच्या रांगा. ढोलाच्या एका अंगाला हाताची थापी, दुसऱ्या अंगाला टिपरू. ताशा अंगाने लहान, पण कारभार त्याचा. चाल उचलायची, बदलायची, थांबवायची ती त्याने. ढोलांनी ऐकून मागे जायचे.

हे 'ऐकून' जिथे सुटते, तिथे माझी तक्रार सुरू होते. एका अनंत चतुर्दशीला मी पुण्यास लक्ष्मी रस्त्यावर उभा होतो. एक भलेमोठे पथक आले. पहिल्या ठोक्याला अंगावर काटा आला, हे खोटे कशाला सांगू? पण पुढे वीस मिनिटे तोच हात, तीच गती. ताशेवाल्यांच्या काड्या हलताना दिसत होत्या; ऐकू मात्र येत नव्हत्या. शेजारच्या आजीबाईंनी कानात बोटे घातली. मागाहून एक लहानसे पथक आले. त्यांनी चाल चढवत नेली आणि एकाएकी सगळे थांबले. त्या दोन मात्रांत वरच्या माडीवरचे मूल रडताना ऐकू आले. मग एकटा ताशा कडकडला आणि ढोल पुन्हा पडले, तेव्हा आजीबाईंची बोटे कानांतून निघून टाळीला लागली होती!

पथकांत वादक किती असावेत, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. २०२४ च्या गणेशोत्सवापूर्वी राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातल्या पथकांना तीस जणांची मर्यादा घातली. १२ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. रस्त्यावर राहणाऱ्या रुग्णाचा आणि तान्ह्या मुलाचा विचार व्हायलाच हवा. परंतु कलेच्या बाजूने पाहिले, तर दोष संख्येचा नाही. केरळात त्रिशूरच्या पूरमला इलंजितारा मेळमात दोनशेहून अधिक वादक एकत्र वाजवतात. छप्पन्न मात्रांचे संथ आवर्तन पुढे अठ्ठावीस, चौदा, सात असे आखडत जाते आणि लय चढत जाते. समोरची गर्दी हात उंचावून तो ताल मोजते. आपल्याकडे दोनशे ढोल पुष्कळदा एकच ढोल दोनशे वेळा वाजवतात. तीस जणांनीही तेच केले, तर कान थोडे कमी दुखतील, एवढेच.

हा धडा घ्यायला केरळात जायलाही नको. आमच्याकडे गोंधळी संबळावर एकट्याने रात्रभर अंगण जागे ठेवतो. हलगीवाला शेकोटीवर कातडे शेकतो, कान लावतो, पुन्हा शेकतो, मगच वाजवतो. आमच्या शाळेतही लेझमीला दरसाल एक म्हातारा हलगीवाला येई. मुलांची पावले त्याच्या काडीवर पडत आणि पाठीवर शाबासकी माझ्या पडे. पाहुण्यांना खुर्च्या असत. तो मात्र झेंड्याच्या खांबापाशी उभा. इतक्या वर्षांत हे मला कधी खटकले नाही, याची आज लाज वाटते.

यंदा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी पथक काढले आणि "गुरुजी, कसं वाटतं?" म्हणून विचारायला आले. मी त्यांना घेऊन त्या म्हाताऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "मास्तर, माझ्या आज्यानं गावकी म्हणून वाजवलं, बापानं पोटासाठी वाजवलं. तुमच्या पोरांना हौस हाये. हौस चांगलीच, पण त्यांना आधी ऐकाया शिकवा."

सरावाच्या मैदानावर आम्ही त्याला खुर्ची दिली. हलगी थांबली की वीस ढोलांनी थांबायचे, एवढाच पाठ. पहिल्या खेपेस सात-आठ ढोल पुढे निघून गेले. दुसऱ्या खेपेस दोन. तिसऱ्या खेपेस सगळे थांबले आणि लांबून नेवाशाच्या गाडीचा भोंगा ऐकू आला. पोरे एकमेकांकडे बघून हसली. म्हातारा हसला नाही. त्याने काडी उचलली आणि म्हणाला, "हां, आता वाजवा."