उंचीवरून दिसणारी वारी

वारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येणारं चित्र बहुतेकदा वरून टिपलेलं असतं. दिवेघाटाच्या वळणांवरून सरकणारी पांढरी रांग, मधूनमधून भगव्या पताका, दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर. उद्धव ठाकरे यांच्या ‘पहावा विठ्ठल’ने ही हवाई नजर पुस्तकात आणली, ड्रोन स्वस्त झाल्यावर ती दर आषाढात प्रत्येकाच्या फोनवर आली. चित्र सुंदर आहे, यात वाद नाही. पण त्या उंचीवरून माणसाला शरीर उरत नाही, आणि चालणाऱ्याला तर ते सतत असतं. सिनेमा खाली उतरतो, पण ‘लय भारी’तल्या गाण्यासारखा, तिथे शरीर असतं ते फक्त नाचणारं.

जमिनीवरून वारी पाहणारं लेखन मराठीत आहे. इरावती कर्वे दिंडीबरोबर चालल्या, आणि एकाच विठ्ठलाचं नाव घेणाऱ्या माणसांच्या पंगती जातीनुसार वेगळ्या बसतात, हे त्यांना टोचलं. ‘वाटचाल’ हा लेख आजही ताजा वाटतो तो या टोचणीमुळे. कोण कुणाबरोबर जेवतं, हा प्रश्न त्यांनी विचारला. जेवणाच्या पुढचा प्रश्न मात्र आपल्या ललित लेखनात फार क्वचित येतो. भक्तीच्या वर्णनात शौचाला जागा नाही, असा एक अलिखित संकेत आहे.

जरा हिशोब मांडू. मुक्कामाच्या गावात पहाटे तीन ते पाच हीच खरी वेळ, कारण उजाडता उजाडता पालखी निघते. माणशी पाच मिनिटं धरली तर दोन तासांत एक शौचालय २४ जणांना पुरतं. म्हणजे एक लाख माणसांना चार हजारांहून जास्त शौचालयं हवीत, आणि वारीत एक लाखावर थांबत नाही. माणशी तीन लिटर पाणी धरलं तरी तीन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे तीस टँकर, तेही त्या दोन तासांच्या आधी भरून उभे. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरची क्षमता सरासरीवर ठरवत नाही, गर्दीच्या क्षणावर ठरवतो. ‘इतकी शौचालयं उभारली’ या बातमीत तो क्षणच नसतो.

आकडा कमी पडला की त्याची किंमत बायका देतात. पुरुष शेताच्या बांधाआड जाऊ शकतो. बाईला अंधार हवा, सोबत हवी. मग ती उजेडी पाणीच कमी पिते आणि त्या अंगानेच दिवसाची मजल चालते. याला आपण ‘श्रद्धेचं बळ’ म्हणतो, तेव्हा सोय न केल्याची जबाबदारीच पुसून टाकतो.

गेल्या दशकात ‘निर्मल वारी’मुळे मुक्कामांवर फिरती शौचालयं उभी राहू लागली, पहाटे स्वयंसेवक लोकांना तिकडे वळवू लागले. हा बदल मोठा आहे आणि तो मान्यच करायला हवा. पण त्याच्या कौतुककथांमध्येही एक पात्र गायब असतं: टाकी उपसणारा. पंढरपुरात यात्रेनंतर माणसांच्या हातून मैला उचलला जातो, ही तक्रार जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. ही प्रथा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. इरावतीबाईंना पंगतीत दिसलेली जात इथे कामाच्या वाटपात दिसते.

अशा वेळी गाडगेबाबांचं नाव हमखास निघतं. २०००-०१ मध्ये सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानालाही त्यांचंच नाव आहे. पण बाबांनी खराटा स्वतःच्या हातात घेतला होता, आणि पंढरपुरात धर्मशाळा बांधली ती चोखामेळ्याच्या नावाने, ज्यांना निवारा नाकारला जाई त्यांच्यासाठी. आपण खराटा तसबिरीत ठेवला आणि झाडायचं काम जुन्याच हातांत राहू दिलं.

म्हणून पुढचं वारीवर्णन मला पहाटे तीनच्या रांगेतून लिहिलेलं हवं आहे. त्यात बादली घेऊन उभी असलेली बाई असावी, आणि पालखी पुढे गेल्यावर दुसऱ्या दिवशी त्या गावात काम करणारा माणूसही असावा. वारीचं पावित्र्य त्याने उणं होणार नाही. ते कुणाच्या कष्टांवर उभं आहे, एवढं मात्र कळेल.