नमुना आणि माणूस

एलिमेंटरीच्या स्मरणचित्राला कोणते विषय येतात हे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना तोंडपाठ असते. बसथांबा, भाजीमंडई, सार्वजनिक नळ, गणपतीची मिरवणूक, पावसातला रस्ता. कला संचालनालयाच्या या परीक्षेमुळे लाखो मुलांनी आयुष्यात एकदा तरी रोजचे जगणे कागदावर काढलेले आहे. कल्पना उत्तमच. पण मंडईचे चित्र काढण्याआधी तासभर मंडईत बसून ये, असे मुलांना सहसा कोणी सांगत नाही. क्लासात युक्ती मिळते. पुढे एक मोठी पाठमोरी बाई (पाठमोरी, कारण चेहरा जमत नाही), हातात पिशवी. मधे पाटीमागे बसलेला भाजीवाला. मागे दोन लहान आकृत्या, वर ताडपत्रीचे छप्पर. हीच बाई पिशवीऐवजी छत्री दिली की बसथांब्यावर उभी राहते आणि कळशी दिली की नळावर. गुणही बरे मिळतात.

ही बाई मोठेपणीही आपली पाठ सोडत नाही. ‘रोजच्या जगण्यातून मला प्रेरणा मिळते’ हे वाक्य आज जवळजवळ प्रत्येक प्रदर्शनाच्या पत्रकात असते, आणि भिंतीवर पाहावे तर तीच पाठमोरी बाई, फक्त महागड्या कागदावर. विषय रोजचा आहे, पाहणे मात्र रोजचे नाही. आपल्याकडच्या चित्रकलेचे आणि छायाचित्रकलेचे आजचे दुखणे मला हे वाटते, आणि ते बरेच जुने आहे.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली 1854 साली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. म्हणजे कॅमेरा इथे फार लवकर आला. पण त्याने सामान्य माणसाकडे पाहिले ते कसे? विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने 1863 ते 1866 या काळात मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्यातली बरीच माणसे एका ठिकाणी टिपलेली आणि मागची मुंबई दुसऱ्या ठिकाणची. दोन्ही कापून-जोडून एक केलेली. माणूस कोण आहे याच्याशी त्या पुस्तकाला कर्तव्य नव्हते, तो कशाचा नमुना आहे एवढेच पाहायचे होते.

महादेव विश्वनाथ धुरंधरांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. 1867 साली कोल्हापुरात जन्मलेला हा चित्रकार मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकला, तिथेच शिकवू लागला आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मचरित्र लिहून गेला. त्यांच्या हाताला मुंबईच्या रस्त्याची सवय होती. एस. एम. एडवर्ड्सच्या 1912 सालच्या मुंबईवरील पुस्तकाची चित्रे त्यांची, ऑटो रॉथफील्डच्या 1920 सालच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकाची चित्रेही त्यांचीच. मागणी नमुन्यांची होती: अमुक जातीची बाई, तमुक धंद्याचा गडी. पण धुरंधरांच्या चित्रांत, विशेषतः त्यांच्या पोस्टकार्डांवर, नमुना मधूनच हट्टीपणा करतो. चालताना पदर सावरण्याची एखादीची लकब, उभे राहताना एका पायावर टाकलेला भार, शेजारच्याकडे टाकलेला तिरका कटाक्ष. ऑर्डर नमुन्याची आणि हात माणसाचा, अशी ती ओढाताण आहे. आजच्या बऱ्याच चित्रकारांकडे ती उरलेली नाही, आणि ऑर्डरही कोणी दिलेली नसताना.

जलरंगांचेच पाहा. महाराष्ट्राची निसर्गचित्रणाची परंपरा मोठी आहे. कोल्हापूरच्या आबालाल रहमानांपासून ती सांगता येते. हात आजही तयार आहेत. ओल्या कागदावर रंग किती सोडायचा, कोरा कागद कुठे राखायचा, हे जाणणारी तरुण मुले पुण्यात, नाशकात, सांगलीत आहेत. डेमोला गर्दी होते. पण विषय? मेणवलीचा घाट, गोदाघाट, पेठेतला पडका वाडा, कोकणातले कौलारू घर, वाळूवर ओढलेल्या होड्या. यांपैकी चित्रकाराचे स्वतःचे रोजचे काय आहे? तो राहतो दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, दुचाकीवरून कामाला जातो, गॅलरीत सुकत घातलेले कपडे आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या बघतो. त्या टाक्या चित्रात येत नाहीत. रोजचे म्हणून तो आजोबांचे रोजचे रंगवतो, आणि घेणाऱ्यालाही ते आजोबांसाठीच हवे असते.

त्यात आता मोबाइल आला. रेफरन्सला फोटो घेण्यात काही पाप नाही. चित्रकारांनी कॅमेरा आल्यापासून त्याचा आधार घेतला आहे. अडचण अशी की मोबाइल आधीच एक चित्र करून देतो. सावलीतला अंधार तो स्वतःहून उजळतो, आकाश फिके पडू लागले तर ओढून आणतो, रुंद भिंगामुळे पुढची पायरी अवाढव्य आणि मागचे देऊळ इवलेसे होते. हे निर्णय चित्रकाराने घ्यायचे असतात. त्याने ते न घेता फोटो जसाच्या तसा उतरवला की चित्र लांबूनही ओळखू येते: सावल्यांना वजन नसते, आणि सगळे सारखेच स्पष्ट असते. घाटावर बसलेल्याचा डोळा एका वेळी एकच गोष्ट पाहतो आणि बाकीचे सोडून देतो. ते सोडून देणे म्हणजेच निम्मी चित्रकला.

छायाचित्रकारांची स्थिती वेगळी नाही. रविवारी सकाळी फोटोवॉकला निघालेला जथा ससून डॉकवर जातो, धोबीघाटाच्या पुलावर उभा राहतो, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात सीएसएमटीचे प्रतिबिंब शोधतो. डबेवाला, लोकलच्या दारात लटकलेला मुलगा, सुरकुतलेली आजी. ससून डॉकवर कोळंबी सोलत बसलेल्या बायका तर आता लेन्स दिसली की तोंड फिरवतात. त्यांच्या कामाच्या वेळेला आपण सोनेरी प्रकाश म्हणतो. पुन्हा पाठमोरी बाई.

मग ज्यांच्याकडे रोजचे जगणे खरोखर कामाला लागले, त्यांनी वेगळे काय केले? सुधीर पटवर्धनांपासून सुरुवात करावी लागते. 1949 साली पुण्यात जन्म, तिथल्याच सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून 1972 मध्ये डॉक्टर, आणि पुढे 2005 पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट. चित्रकलेचे रीतसर शिक्षण नाही. दिवसा लोकांच्या हाडांचे आणि फुप्फुसांचे फोटो बघायचे, उरल्या वेळात तीच माणसे कातडीसह रंगवायची. 1977 चे ‘इराणी रेस्टॉरंट’, 1981 चे ‘ॲक्सिडेंट ऑन मे डे’, नव्वदच्या दशकातले ‘पोखरण’, 2001 चे ‘लोअर परळ’ अशी ही वाट आहे, आणि तिच्यावर नाट्यमय वळण जवळजवळ नाही.

‘लोअर परळ’ समोर उभे राहिले की आधी वाटते, हे तर आपण पुलावरून पाहिलेले आहे. रूळ, गिरणीची धुराडी, त्यांच्या मागून वर येणारे उंच मनोरे, आणि या सगळ्यात आपापल्या कामाला लागलेली माणसे. मग लक्षात येते की एका जागेवरून हे सगळे एकदम दिसूच शकत नाही. पटवर्धनांनी नजर अनेक ठिकाणी उभी केली आहे आणि ते तुकडे असे सांधले आहेत की सांधा जाणवत नाही. जॉन्सननेही सांधलेच होते. पण त्याने माणूस जागेवरून उचलून दुसरीकडे चिकटवला. इथे माणूस आणि जागा एकमेकांना धरून आहेत, आणि जागा हातची चालली आहे हे माणसांना पुरते ठाऊक नाही. गिरण्या बंद पडल्यावर त्यांवर हळहळणारी चित्रे पुष्कळ झाली. या चित्रात हळहळ नाही, हिशेब आहे. कॅमेऱ्याला हे जमले नसते असे मी म्हणणार नाही, पण त्याला वर्षे लागली असती आणि शेवटी त्याचाही चित्रकारच झाला असता.

पटवर्धन आणि नारायण सुर्वे यांना एकत्र घेऊन अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी 2001 साली ‘साचा’ हा माहितीपट केला. कामगारांच्या मुंबईबद्दल कवी आणि चित्रकार शेजारी बसून बोलतात, असे आपल्याकडे फार वेळा घडलेले नाही. पटवर्धनांच्या कामाचे मोठे सिंहावलोकन मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 2019 च्या अखेरीस भरले. त्याच्या दहा-एक वर्षे आधी त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत फिरवले होते. जहांगीर आर्ट गॅलरीच्या पायऱ्यांपलीकडेही प्रेक्षक आहे, हे मानणारा चित्रकार विरळाच.

प्रभाकर बरवे अगदी उलट बाजूचे. त्यांच्या चित्रांत गर्दी नाही, बहुधा माणूसही नाही. घड्याळ, पान, फळ, मधेच एखादी किल्ली. आणि भोवती भरपूर रिकामी जागा. रंग पुष्कळदा एनॅमलचा, म्हणजे दुकानांच्या पाट्यांना आणि दारे-खिडक्यांना लावतात तो. हा रंग गुळगुळीत बसतो, ब्रशचा फटकारा लपवतो, चित्रकाराच्या भावनेला वावच ठेवत नाही. त्यामुळे घड्याळ हे घड्याळच राहते आणि तरीही परके वाटू लागते. ‘कोरा कॅनव्हास’ हे 1990 सालचे त्यांचे पुस्तक मराठीत आहे, हे आपले भाग्य. ते वाचताना कळते की वस्तूचा नाद सोडवेपर्यंत हा माणूस तिच्याकडे पाहत राहत असे. 2019 च्या फेब्रुवारीत त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले, पण लोकांच्या लक्षात राहिले ते उद्घाटनाला अमोल पालेकरांचे मधेच अडवलेले भाषण. भाषण महत्त्वाचे होतेच. चित्रांबद्दल मात्र वर्तमानपत्रांत फार थोडे आले.

घराच्या आतले रोजचे मात्र या सगळ्यात कुठे आहे? आपली रोजची चित्रे म्हणजे बहुतांशी पुरुषांनी पाहिलेला रस्ता. नलिनी मलानींचा स्टुडिओ लोहार चाळीत होता. घाऊक बाजाराची ती गल्ली, खाली हमाल, हातगाड्या, ओझी, फूटपाथवर मांडलेले संसार. ‘हायरोग्लिफ्स ऑफ लोहार चाळ’ ही त्यांची 1989 ची चित्रपुस्तिका त्या जागेतून आली. आकृत्या एकमेकींवर चढतात, पुसल्या जातात, पुन्हा उमटतात. कोण बाई आणि कोणाचे ओझे हे वेगळे काढता येत नाही. छायाचित्रांत सूनी तारापोरवालांनी पारशी घरांमध्ये असाच लांब मुक्काम केला; त्यांचे पुस्तक 2000 साली आले. त्या घरातल्याच होत्या, म्हणून झोपलेल्या आजोबांना कोणी उठवले नाही. आणि त्याही आधी होमाई व्यारावाला. नेहरू आणि माउंटबॅटन यांच्या फोटोंमुळे त्या इतिहासात गेल्या, पण तीसच्या दशकात त्यांनी जे. जे. मधल्या आपल्या मैत्रिणींचे काढलेले फोटो मला अधिक मोलाचे वाटतात. आपल्याला कोणी नमुना म्हणून बघत नाहीये, हे त्या मुलींच्या उभे राहण्यातच दिसते.

वर्तमानपत्रासाठी धावणाऱ्या छायाचित्रकाराला असा मुक्काम करता येत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. सुधारक ओलवे हे त्याला चोख उत्तर आहे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची त्यांची कृष्णधवल छायाचित्रे नोकरी करता करताच उभी राहिली. गटारात उतरलेला माणूस फोटोत आणणे अवघड नाही. धक्का देणारा फोटो कोणीही काढतो. ओलवे त्याच माणसाबरोबर त्याच्या घरी जातात. अंगावरचे धुऊन टाकल्यावर तो कुटुंबात कसा बसतो, हेही त्यांना हवे असते. जात इथे मथळ्यात सांगावी लागत नाही, ती कामाच्या वाटणीत दिसते. चिरदीप चौधुरींचे काम वरवर हलकेफुलके: मुंबईतली सार्वजनिक घड्याळे. नव्वदच्या दशकात सुरू केलेला हा उद्योग त्यांनी वर्षानुवर्षे चालवला. एका घड्याळाचा फोटो म्हणजे पर्यटकाची आठवण. अनेक घड्याळे एकत्र आली की शहराने कधी, कोणाच्या पैशाने वेळ पाळायचे ठरवले आणि कधी ते सोडून दिले, याची नोंद होते.

या सगळ्यांचे विषय एकमेकांशी जुळत नाहीत. जुळते ती हजेरी. कामावर जातो तसे ते विषयाकडे गेले. बरा प्रकाश पडला म्हणून किंवा रविवार आहे म्हणून नाही.

आजची सगळ्यात मोठी उणीव मला भूगोलाची वाटते. पटवर्धनांनी ठाणे रंगवायला घेतले तेव्हा ठाण्याला कोणी चित्राचा विषय मानत नव्हते. आज नालासोपारा, कल्याणच्या पुढची वस्ती, पनवेल, वाळूज, चाकण इथे महाराष्ट्राचे रोजचे जगणे घडते आहे. चाकणच्या एमआयडीसीत रात्रीची शिफ्ट सुटताना कंपनीच्या बसमध्ये डोके टेकून झोपलेल्या मुलांचे एकही चांगले चित्र मी कोणत्या गॅलरीत पाहिलेले नाही. त्यांचे व्हिडिओ मात्र पाहिले आहेत, त्यांनीच काढलेले. हललेले, गाण्याच्या तुकड्यावर कापलेले. पण कुठल्या खिडकीतून उजाडताना दिसते आणि कोणाच्या खांद्यावर कोण झोपतो हे त्यात अचूक आहे. हे साहित्य कोणी जपून ठेवत नाही. फोन बदलला की ते जाते. राज्य कला प्रदर्शनात त्याला विभाग नाही, आणि कलासमीक्षकांना ते दाखवले तर ते आधी रिझोल्यूशन विचारतात.