निदान, संप्राप्ती आणि नारू

रोगाच्या कारणांचा व उपचारांचा शोध घेणाऱ्या पीएच.डी.च्या प्रबंधाला मराठीत शीर्षक द्यावयाचे झाले, तर ‘अमुक रोगाचे निदान व चिकित्सा’ ही शब्दांची जोडी सहज लेखणीवर येते. जोडी जुनी आहे आणि तिच्यामागे शास्त्राची प्रतिष्ठाही आहे. परंतु तिच्यातील पहिला शब्द आज दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. त्या दोहोंमधील अंतर ध्यानात राहिले नाही, तर प्रबंधाचा मुख्य प्रश्नच संशोधकाच्या हातून निसटण्याचा संभव असतो. हा केवळ परिभाषेचा कीस नव्हे. नारूच्या संशोधनाचा इतिहास पाहिला म्हणजे या गफलतीचे मोल कळून येते.

संस्कृत वैद्यकात ‘निदान’ म्हणजे रोगाचे मूळ कारण. बौद्धांची द्वादश निदाने हीही कारणांचीच साखळी होय. रोगाचे ज्ञान करून घेण्याची जी पाच साधने वैद्यकाने सांगितली, त्या ‘निदानपंचका’त निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती अशी वाटणी आहे. येथे निदान हे कारण, तर संप्राप्ती म्हणजे त्या कारणापासून रोग प्रत्यक्ष घडून येण्याची रीत. आजच्या मराठीत मात्र ‘डॉक्टरांनी निदान केले’ याचा अर्थ रोग ओळखला, त्याला नाव दिले, एवढाच होतो. कारणवाचक शब्द ओळखवाचक झाला आणि ‘संप्राप्ती’ हा शब्द तर आयुर्वेदाच्या पाठ्यपुस्तकांबाहेर फारसा उरलाच नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल, की हा अर्थपालट आधुनिक मराठीचा नव्हे. माधवकराच्या ज्या ग्रंथाला परंपरा ‘माधवनिदान’ म्हणून ओळखते, त्याचे मूळ नाव ‘रोगविनिश्चय’ असे आहे. म्हणजे ‘निदान’ हे नाव फार पूर्वीच रोगनिश्चयाच्या शास्त्राला लाभले होते. आक्षेप खरा आहे. शिवाय अर्थ बदलणे हा भाषेचा धर्मच असल्यामुळे त्याबद्दल भाषेला दोष देण्यात अर्थ नाही. दोष आहे तो जुना अर्थ सुटला असता त्याची जागा नव्या शब्दाने न भरण्याचा. रोग ओळखला की त्याचे कारणही हाती आले, असा भास एकाच शब्दाच्या दुहेरी वापरामुळे उत्पन्न होतो.

आता ‘नारू’ या शब्दाकडे वळावे. संस्कृत ‘स्नायु’, पाली ‘न्हारु’, प्राकृत ‘ण्हारु’ आणि मराठी ‘नारू’ अशी या शब्दाची परंपरा दिसते. आरंभीच्या ‘स्न’ची ही वाट ‘स्नान’ व ‘न्हाण’ या जोडीत मराठी वाचकाच्या परिचयाची आहे. ‘य’च्या जागी ‘र’ येण्याचा बदल पालीतच झालेला आढळतो. वृंदाच्या ‘सिद्धयोगा’त हा रोग ‘स्नायुक’ या नावाने येतो. दोष हातापायांत प्रकुपित होऊन सूज आणतात, ती फुटते आणि तंतूसारखा जीव बाहेर पडतो. तो मध्येच तुटला तर अवयव आखडतो व लंगडेपणा येतो, असा त्या वर्णनाचा आशय आहे. यातील निरीक्षण अचूक आहे. ओढताना जंत तुटला तर तीव्र दाह होतो, हे आजचे वैद्यकही सांगते. काडीवर गुंडाळत, रोज थोडा थोडा करून नारू काढण्याचा परंपरागत उपाय याच अनुभवातून टिकून राहिला. म्हणजे रूप बरोबर, उपचारातील सावधगिरीही बरोबर. कारण मात्र शरीरातील दोषांवर नेऊन ठेवलेले.

असे का झाले, याचे उत्तर मराठी क्रियापदातच मिळते. ताप ‘येतो’, खरूज ‘होते’, नजर ‘लागते’. नारू मात्र ‘निघतो’. भाषेने या रोगाचे बाहेर पडणे पाहिले, आत शिरणे पाहिले नाही. ते पाहणे शक्यही नव्हते. दूषित पाणी पोटात गेल्यापासून साठ ते शंभर सेंटिमीटर लांबीची मादी पायातून डोके काढीपर्यंत सुमारे एक वर्ष जाते. गेल्या वर्षी प्यालेल्या घोटाचा आजच्या फोडाशी संबंध कोणी जोडावा? ‘निघणे’ हे क्रियापद प्रामाणिक आहे. जेवढे दिसले तेवढेच ते सांगते. न दिसलेले वर्ष शोधून काढणे हे संशोधनाचे काम होते.

ते काम तुकड्यातुकड्यांनी झाले. अलेक्सेई फेडचेंको या रशियन निसर्गशास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास तुर्कस्तानात नारूच्या अळ्या पाण्यातील ‘सायक्लॉप्स’ या सूक्ष्म जीवात शिरतात, हे दाखविले. रॉबर्ट लायपर यांनी १९०५-०६ च्या सुमारास अशा जीवांतून माकडाला रोगाची बाधा घडवून पोटातील वाट उघड केली. मुंबईतील परळच्या जंतुशास्त्रीय प्रयोगशाळेत डॉ. डी. ए. तर्खड यांनी १९१४ च्या सुमारास माणसांवरील प्रयोगाने ती साखळी पुरी केली. या तिघांच्या कामाची जात नीट पाहिली पाहिजे. ‘जंत हे कारण’ एवढे सांगण्यासाठी त्यांची गरज नव्हती. जंत डोळ्यांना दिसतच होता आणि सिद्धयोगकारालाही तो दिसला होता. त्यांनी शोधली ती संप्राप्ती. जंत कोठून येतो, कोणाच्या पोटातून जातो आणि पुन्हा पाण्यात कसा पोचतो, हा त्यांचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे उत्तर अखेर विहिरीच्या बांधणीपाशी येऊन ठेपते. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव जुनी देवळे, कोरीव स्तंभ आणि बारव यांसाठी ओळखले जाते. मराठवाड्यात अशा बारवा गावोगाव आहेत. कमी पावसाच्या मुलखात पाण्याची पातळी खाली जाईल तसे माणसाने पायरी पायरी उतरावे, ही बारवेची योजना. तिच्यामागची बुद्धी आणि कारागिरी दोन्ही थोर. पण नारूचे चक्र पुरे होण्यास जे हवे, नेमके तेच पायऱ्यांनी मिळते. फोडाची आग शमविण्यासाठी रोगी पाय पाण्यात बुडवितो, त्या क्षणी अळ्या पाण्यात सुटतात, सायक्लॉप्स त्यांना गिळतो, आणि दोनएक आठवड्यांनंतर त्याच पाण्याचा घोट दुसऱ्याच्या पोटात जातो.

मराठीत विहिरीचे दोन शब्द आहेत. पायऱ्यांनी उतरावयाची ती ‘बारव’. काठावरून पोहऱ्याने पाणी शेंदावयाचा तो ‘आड’. आडात पाय बुडत नाही. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून’ ही म्हण नारूला शब्दशः लागू पडते. १९८३-८४ मध्ये भारतात नारूनिर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा बाधित राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. या कार्यक्रमाने पाणी गाळून पिण्यास शिकविले, पाण्यात सायक्लॉप्सनाशक औषध घातले, विंधनविहिरी दिल्या आणि पायऱ्यांच्या विहिरी शेंदण्याच्या विहिरींत बदलल्या; म्हणजे बारवेचा आड केला. १९९६ च्या जुलैत राजस्थानात देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरविला. या रोगावर खात्रीचे औषध तेव्हा नव्हते आणि आजही नाही; लस नाही; एकदा होऊन गेल्याने प्रतिकारशक्तीही येत नाही. चिकित्सा झाली ती विहिरीची, रोग्याची नव्हे.

‘निदान व चिकित्सा’ या जोडशीर्षकाची मर्यादा येथे उघडी पडते. निदान म्हणजे ओळख असे धरले, तर नारू ओळखण्यास प्रबंधाची आवश्यकता नाही. खेड्यातील कोणतीही म्हातारी तो ओळखीत असे. चिकित्सा म्हणजे रोग्यावरील उपचार असे धरले, तर काडीच्या पुढे जाण्यासारखे काही हाती लागत नाही. ज्या कामाने रोग संपला, त्याला या जोडीत जागाच नाही. यातून जबाबदारीचाही प्रश्न निघतो. कारण रोग्याच्या शरीरात मानले, तर पथ्य त्याने पाळावयाचे. कारण वाटेत सापडले, तर कर्तव्य पाणी पुरविणाऱ्यांवर येते. शब्दाची निवड ही अशा रीतीने कर्तव्याचीही वाटणी करते.

म्हणून रोगविषयक प्रबंधाने हेतू, संप्राप्ती, निश्चिती आणि चिकित्सा असे चार शब्द निरनिराळे वापरणे इष्ट. त्यांत संप्राप्तीचे प्रकरण सर्वांत अवघड आणि सर्वांत फलदायी ठरण्याचा संभव अधिक. ते पुरे झाले असे मानण्याचीही घाई करू नये. २०२१ ते २०२४ या काळात जगभरातील मानवी रुग्णांची संख्या कोणत्याही वर्षी पंधरावर गेली नाही. तरीही २०१२ पासून चाड देशात कुत्र्यांमध्ये हाच जंत आढळू लागल्याने निर्मूलनाची अखेर लांबली आहे. सिद्ध मानलेल्या साखळीला नवा दुवा निघाला.

आज मराठवाड्यातील बारवांचा गाळ काढून त्यांना पूर्वीचे रूप देण्याचे प्रयत्न होत आहेत, आणि ते स्वागतार्ह आहेत. बारवेची शोभा ही नारूच्या आठवणीने उणी होत नाही. मात्र त्या पायऱ्या उतरताना स्थापत्याच्या अभ्यासकाने जशी कारागिरी पाहावी, तशी रोगाच्या अभ्यासकाने ती वाटही पाहावी. नारू ‘निघतो’ एवढे भाषेने सांगून ठेवले होते. तो शिरतो कोठून, हे विचारण्यासाठी संशोधन असते.