‘दो आँखें बारह हाथ’ : ते सहाजण घरी गेले का?

काही महिन्यांपूर्वी आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ सालचा चित्रपट दाखविण्यात आला. पडदा म्हणजे एक पांढरी चादर, आवाज मधूनमधून घोगरा. तरीही बैल जेलर आदिनाथाच्या अंगावर धावून येतात तेव्हा सभागृहात कोणी जागचे हलले नाही. दिवे लागल्यावर एका वयस्क बाईंनी मला विचारले, “सर, मग ती माणसं आपल्या घरी गेली का?” मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. या चित्रपटावर मी जे काही वाचले आहे, त्यात हा साधा प्रश्न मला कोठे भेटलेला नाही.

चित्रपटाचे मोठेपण मला नाकारायचे नाही. ग. दि. माडगूळकरांची कथा, वसंत देसाईंचे संगीत आणि शांताराम यांची दृश्यांवरील हुकमत यांचा तो दुर्मीळ संगम आहे. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला रौप्य अस्वल मिळाले व आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचे पारितोषिकही लाभले. त्या परीक्षकांना त्यात काय भावले असेल, हे आपल्याला सांगावे लागू नये. सहा खुनी कैद्यांना एक माणूस बेड्यांवाचून ओसाड माळावर नेतो आणि त्यांच्यावर विश्वास टाकतो. त्या विश्वासाला ते हळूहळू पात्र होतात. पाप्याकडे पाहण्याची ही दृष्टी शुभवर्तमान वाचणाऱ्याला परकी नाही.

परंतु सारा भार या दोन डोळ्यांवरच पडला आहे, आणि माझी तक्रार तेथेच आहे. कैदी पळू पाहतात, तेव्हा ते डोळे त्यांना मागे खेचतात. आदिनाथाच्या मृत्यूनंतरही त्यांच्यावर तेच डोळे रोखलेले राहतात. दंडुक्याची जागा श्रद्धेने घेतली, हे खरे. पाळत मात्र संपत नाही. कथा आटोपते तेव्हाही ते सहाजण आझादनगरच्याच मातीत उभे असतात. मध्ये एका कैद्याची लेकरे पडद्यावर येतात, खेळणी विकणारी चंपा त्यांना अंगाई गाऊन शांत करते. प्रसंग हृद्य आहे. पण करुणरसाचा एक शिडकावा एवढेच त्याचे काम. ती लेकरे ज्या गावात, ज्या आळीत राहतात तेथे त्यांच्या बापाला कोणी दारात उभे करील काय, याची विचारपूस कथा करीत नाही. समाजाशी या माणसांची खरी गाठ पडते ती फक्त भाजीच्या बाजारात, आणि तेथील व्यापारी तर सरळसरळ खलपुरुष आहेत. खलपुरुषांचा मार निमूटपणे सोसणे उदात्त खरेच. पण भल्या शेजाऱ्याने आपल्याला पाहून दार लोटून घेणे हे त्याहून अवघड दुखणे. त्याला या चित्रपटात स्थान नाही.

गंमत अशी की ज्या प्रयोगावरून ही कथा सुचली, त्या प्रयोगात घर होते. औंध संस्थानात १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या गृहस्थाच्या प्रेरणेने आणि राजेसाहेब पंतप्रतिनिधींच्या पाठबळाने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात मोडते. तिचे वेगळेपण असे, की तेथे कैदी आपल्या कुटुंबासह राहू शकतो. म्हणजे सकाळी शेतावर निघालेल्या माणसाच्या मागे चूल पेटलेली असते, पोर आजारी असते, बायको रुसलेली असते. माणसाला माणसांत परत आणणारी ही रोजची रखरख शांताराम यांनी गाळली आणि तिच्या जागी दोन तेजस्वी डोळे बसविले. पडद्याच्या दृष्टीने सौदा फायद्याचा झाला. विषयाच्या दृष्टीने झाला असे मी म्हणणार नाही.

येथे व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’ची (१८६२) आठवण होते. १९ वर्षे शिक्षा भोगून सुटलेला जाँ वालजाँ दीन्य गावात येतो, तेव्हा खिशात पैसे असूनही त्याला खानावळीत थारा मिळत नाही, कारण त्याच्याजवळचा पिवळा परवाना. अखेर बिशपांच्या घरी त्याला जेवणाच्या मेजाशी बसविले जाते. आपण बिशपांचे चांदीचे शमादान लक्षात ठेवतो. मला मात्र त्या घरातली मोलकरीण मादाम माग्ल्वार अधिक मोलाची वाटते. गावात कोणी संशयित भटक्या आला आहे, दाराला कडी-कुलूप हवे, असे ती तळमळून सांगत असते, आणि नेमका त्याच वेळी तो दारात उभा राहतो. भीत भीत का होईना, त्याचे ताट तीच मांडते. ह्यूगोने त्या भीतीची टिंगल केलेली नाही. शिवाय वालजाँला पुढे जगावे लागते ते नाव बदलूनच, हेही तो लपवीत नाही.

भीती आणि दुःख यांचा हक्क असलेले आणखीही कोणी असतात. सहा खुनी आहेत, तर ज्यांचे आप्त मारले गेले अशी घरेही असणार. शांताराम यांच्या कथेत त्या घरांची सावलीही पडत नाही. आदिनाथ क्षमा करतो खरा. पण त्याचे स्वतःचे कोणी मारले गेलेले नाही.

सिस्टर राणी मारिया यांची हत्या १९९५ साली इंदूर परिसरात झाली. त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल यांनी २००२ साली तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या मुदतपूर्व सुटकेसाठी खटपट केली आणि २००६ साली तो बाहेर आला. पुढे तो त्यांच्या केरळमधील घरी गेला, तेव्हा राणी मारियांच्या वृद्ध मातेने त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले व त्यांचे चुंबन घेतले.

त्या बाई पुन्हा भेटल्या, की हे त्यांना सांगणार आहे.