भस्म धुतल्यानंतर : संकटकाळ आणि ‘गुरुचरित्र’

संकटाच्या काळात समाज कथा रचतो, हे आता कोणी नव्याने सांगावे असे राहिलेले नाही. अवर्षण, साथ, परचक्र यांपैकी काहीही आले की माणसाला दोन गोष्टी हव्या असतात : धीर आणि कारण. धीर देणाऱ्या कथेतून श्रद्धा वाढते. कारण सांगणाऱ्या कथेतून पुष्कळदा कट्टरता वाढते. कारण ‘हे का घडले’ या प्रश्नाचे रूपांतर ‘हे कोणामुळे घडले’ या प्रश्नात होण्यास फारसा वेळ लागत नाही. अभ्यासकाची अडचण अशी, की या दोन प्रकारच्या कथा निरनिराळ्या ग्रंथांत सापडत नाहीत. एकाच ग्रंथात, कित्येकदा एकाच प्रसंगात, त्या शेजारी शेजारी नांदत असतात. मराठीतील ‘गुरुचरित्र’ या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे.

‘गुरुचरित्रा’चे चरित्रनायक श्रीनृसिंह सरस्वती यांचे जन्मस्थान कारंजा (लाड). हे गाव आज वाशीम जिल्ह्यात आहे. १९९८ साली हा जिल्हा निराळा होण्यापूर्वी ते अकोला जिल्ह्यात मोडत असे. परंपरा त्यांचा जन्म १३७८च्या सुमाराचा मानते. मुंज होईपर्यंत ओंकाराखेरीज एकही शब्द न उच्चारणारा हा मुलगा पुढे घर सोडतो, काशीस संन्यास घेतो आणि औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर असा प्रवास करीत दत्तावतार म्हणून पूज्य होतो. त्यांचे शिष्य सायंदेव यांच्या वंशातील सरस्वती गंगाधर यांनी हे चरित्र ओवीबद्ध केले. आजही असंख्य घरांत त्याची सप्ताह-पारायणे होतात. अशा ग्रंथाविषयी लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या देवघरात पाऊल टाकणे होय. तेथे चपला बाहेर काढूनच जावयास हवे. परंतु साहित्य म्हणून हा ग्रंथ साऱ्या मराठी वाचकांचा आहे, आणि त्याने उभा केलेला प्रश्नही सर्वांचाच आहे.

या चरित्राचा काळ अस्थिर होता. १३४७ साली गुलबर्ग्यास बहमनी सत्ता स्थापन झाली. पुढे तिची राजधानी बिदरला गेली. विजयानगरशी होणारी युद्धे सतत चालू होती. १३९६पासून बारा वर्षे चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ लोकांच्या स्मरणात पिढ्यान्‌पिढ्या राहिला. देवळांचा राजाश्रय गेला होता आणि ज्या वर्गाच्या हाती धर्मविद्या होती, त्यालाच पोटासाठी परक्या दरबाराची पायरी चढावी लागत होती. ‘गुरुचरित्रा’तील चमत्कार या पार्श्वभूमीवर वाचले, की त्यांमागची माणसांची धास्ती जाणवू लागते.

चौदाव्या अध्यायातील सायंदेवाची कथा प्रसिद्धच आहे. दरवर्षी एका ब्राह्मणाचा जीव घेणाऱ्या यवन अधिकाऱ्याचे त्याला बोलावणे येते. गुरूंचे अभय घेऊन तो जातो. आणि तो क्रूर माणूसच भयभीत होऊन त्याच्या पाया पडतो, वस्त्रे देऊन त्याची पाठवणी करतो. दुसऱ्या एका कथेत एक शूद्र शेतकरी गुरुवचनावर विसंबून जोंधळ्याचे उभे, कोवळे पीक कापून टाकतो. बायकापोरे आकांत करतात, सरकारी अधिकाऱ्याला तो धान्याची हमी देतो. पुढे अवकाळी वाऱ्यापावसाने साऱ्या गावाची पिके जातात आणि याच्या कापलेल्या ताटांना मात्र शतपटीने फूट येते. आणखी एका कथेत भास्कर नावाच्या गरीब ब्राह्मणाने आणलेल्या तिघांपुरत्या शिध्यात हजारो लोक जेवतात. पाच भाकरी आणि दोन मासे यांची कथा ज्यांच्या कानांवरून बालपणापासून गेली आहे, त्यांना या कथेचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. भुकेल्या, भ्यालेल्या, नागवल्या गेलेल्या लोकांच्या शेजारी ही कथा उभी राहते आणि ‘तुम्ही एकटे नाही’ एवढेच सांगते.

विशेष हे, की परधर्मीय राजाविषयी हा ग्रंथ मुळीच कडवट नाही. ग्रंथाच्या अखेरीस बिदरचा मुसलमान राजा मांडीवरील फोडाने बेजार होऊन गुरूंकडे येतो. तो पूर्वजन्मी श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणारा परीट होता, असे ग्रंथकार सांगतात. गुरू त्याला बरे करतात. परकी सत्ता अशा रीतीने कथेत आपल्याच जन्मांच्या साखळीत ओवून घेतली जाते. तेव्हा या ग्रंथात कठोरपणा शोधायचा तर तो परक्यांविरुद्ध सापडत नाही. तो घरातल्यांविरुद्ध सापडतो.

माहूरचे एक तरुण जोडपे गाणगापुरास येते. क्षयाने ग्रासलेला पती गावाच्या वेशीशीच मरण पावतो. त्या पत्नीचा शोक कवीने मोठ्या कळवळ्याने रंगविला आहे, आणि अखेर गुरुकृपेने पती जिवंतही होतो. परंतु मृत्यू आणि कृपा या दोहोंच्या मध्ये पतिव्रताधर्माचा, वैधव्याच्या आचारांचा आणि सहगमनाच्या महतीचा दीर्घ उपदेश आला आहे. गोष्टीतील स्त्री वाचते. तिच्यामागे हा अध्याय ऐकणाऱ्या विधवांच्या वाट्याला मात्र केवळ उपदेश आला. त्याच ग्रंथाचे पारायण स्त्रियांनी करू नये, असाही संकेत दीर्घकाळ पाळला गेला.

याहून बोलका आहे तो पतिताचा प्रसंग. म्लेंच्छ राजापुढे वेद म्हणून दाखवून जयपत्रे मिळवणारे दोन गर्विष्ठ ब्राह्मण वादास येतात. गुरू वाटेने जाणाऱ्या एका अंत्यजाला बोलावतात, जमिनीवर सात रेघा ओढवून त्या एकेक ओलांडावयास लावतात. प्रत्येक रेघेसरशी त्याला पूर्वीचा एकेक जन्म आठवतो. सातव्या रेघेपाशी तो वेदज्ञ ब्राह्मण होतो. त्याच्या अंगावर भस्म पडते आणि वादी थरथर कापू लागतात. मराठी वाङ्मयातील हा एक विलक्षण क्षण आहे. येथे कथा थांबली असती, तर ती क्रांतीची कथा झाली असती. पण ती थांबत नाही. तो माणूस आता घरी परतू इच्छीत नाही. बायकामुलांनाही जवळ येऊ देत नाही. तेव्हा गुरू कोणत्या पापामुळे कोणता हीन जन्म मिळतो याचे विवरण करतात आणि एका लोभी ब्राह्मणाकरवी त्याला स्नान घालवितात. भस्म धुऊन जाते, स्मृती जाते, आणि तो निमूटपणे आपल्या वस्तीकडे चालू लागतो.

वेदविक्रय करणाऱ्यांना धडा शिकविण्यापुरतेच त्याचे ज्ञान हवे होते. काम झाले, व्यवस्था पुन्हा जागेवर आली. त्याच्या हीन जन्माचे कारण त्याच्याच पूर्वकर्मात आहे, असे ठरले की इतर कोणाला काही करावयास नको. कोसळू पाहणारा समाज स्वतःभोवती कुंपण घालतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्या कुंपणाचे खांब रोवले जातात ते घरातील दुबळ्यांच्या पाठीवर. सुलतानाशी समेट होऊ शकतो. विधवेशी आणि अंत्यजाशी होत नाही. संकटकाळातील धर्मकथा कट्टरतेकडे वळते ते वळण हेच, असे आम्हांस वाटते.

हे वळण अटळ होते काय? त्याच बिदर दरबाराभोवती, दुष्काळाच्याच स्मृतीतून, दुसरी एक कथा जन्मली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली; पंतांवर बालंट येताच खुद्द विठ्ठल विठू महाराच्या वेषात बिदरला जाऊन धान्याची रक्कम भरून आला. ‘गुरुचरित्रा’त अंत्यजाला घटकाभर ब्राह्मणत्व मिळते, येथे देवच महार होतो. कथेची दिशा उलटी झाली. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाचे काम चालू असता दरड कोसळून संत चोखामेळा मृत्यू पावले होते. देवाने महाराचा वेष घेतल्याची कथा गाणाऱ्या समाजाने पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले केले ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

आता आपल्याच घराकडे वळणे प्राप्त आहे. कारंजाच्या त्या बालयोग्याच्या जन्मापूर्वी तीसच वर्षे युरोपात काळी साथ आली होती. ख्रिस्ती जनतेने कारण शोधले आणि ते तिला गावातल्या दुबळ्या शेजाऱ्यांत सापडले : यहुद्यांनी विहिरींत विष कालविले! १४ फेब्रुवारी १३४९ रोजी स्ट्रासबुर्ग येथे शेकडो यहुद्यांना जाळण्यात आले. पोप सहावे क्लेमेंत यांनी १३४८ सालीच फर्माने काढून या आरोपाचा निषेध केला होता. यहुदीही या रोगाने मरत आहेत आणि जेथे यहुदी नाहीत तेथेही साथ आहे, हा त्यांचा युक्तिवाद साधा आणि बिनतोड होता. स्वतःवर आसूड ओढीत गावोगाव फिरणाऱ्या पंथावरही त्यांनी १३४९ साली बंदी घातली. परंतु भ्यालेल्या जमावाने पोपचे ऐकले नाही. क्रूस हाती असला म्हणजे माणूस कट्टरतेपासून वाचतोच असे नाही, हे ख्रिस्तसभेच्या इतिहासात नोंदलेले आहे.

त्याच्या उलट चित्रही आपल्याकडे आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. इस्पितळात माणसे मारण्यासाठीच नेतात, अशी वदंता उठली आणि २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला चढविला. त्याच प्लेगच्या वर्षांत वांद्र्याच्या आणि साष्टीच्या ख्रिस्ती पाखाड्यांनी रस्त्यांच्या कडेला क्रूस उभारले. त्यांतील अनेक आजही उभे आहेत. त्या क्रुसांसमोर लोक एकत्र येऊन संत सेबॅस्टियन आणि संत रोक यांचा धावा करीत. त्या प्रार्थनेने जंतू मरत नव्हते, हे खरेच. पण त्या क्रुसाने कोणाकडे बोटही दाखविले नाही.

फ्रेंच कॅथॉलिक विचारवंत रने जिरार यांनी १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाचे नावच ‘बळीचा बकरा’ या अर्थाचे ठेवले. त्यांचे प्रतिपादन असे, की संकटात सापडलेला समाज एका निर्बलावर सारा दोष टाकून पुन्हा एकजीव होतो, आणि पुराणकथा ही त्या जमावाच्या बाजूने सांगितलेली हकीकत असते. शुभवर्तमानाचे वेगळेपण ते यात पाहतात, की तेथे प्रथमच हकीकत बळीच्या बाजूने सांगितली गेली. योहानाच्या शुभवर्तमानातील कयफाचा सल्ला आठवावा. रोमन येतील, मंदिर आणि राष्ट्र दोन्ही जातील. त्यापेक्षा एका माणसाने मरावे हे बरे, असा त्याचा हिशेब होता. संकटकाळातील कट्टरतेचे तर्कशास्त्र याहून स्पष्ट कोणी मांडलेले नाही. उलट जन्मांधाविषयी शिष्यांनी ‘पाप कोणाचे’ असे विचारले असता प्रभूने तो प्रश्नच नाकारला. शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी होते, हेही त्याने मानले नाही. पतिताला पूर्वकर्माचा हिशेब सांगणारी कथा आणि जन्मांधाचा हिशेब मांडण्यास नकार देणारी कथा यांत आम्हांला मूलभूत भेद दिसतो. मात्र ख्रिस्ती समाज या दोहोंपैकी कोणत्या कथेप्रमाणे वागला, याचे उत्तर स्ट्रासबुर्ग येथे मिळते.

हा प्रश्न केवळ मध्ययुगाचा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. मृतांपैकी काही जण दामाजीपंतांच्या मंगळवेढे तालुक्यातले होते. २०२०च्या टाळेबंदीत, १६ एप्रिलच्या रात्री, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवेने दोन साधूंचा आणि त्यांच्या वाहनचालकाचा बळी घेतला. त्या हत्येला लगोलग धर्माचा रंग देण्यात आला, इतका की पकडलेल्यांत एकही मुसलमान नाही, असे गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. एका दोषकथेने माणसे मारली आणि त्यांच्या प्रेतांवर दुसरी दोषकथा उभी राहिली. करोना पसरविल्याचा ठपका ठेवून तबलिगी जमातीच्या परदेशी सदस्यांवर जे गुन्हे दाखल झाले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी रद्द केले. त्या निकालातही बळीच्या बकऱ्याचाच उल्लेख आहे.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली, त्यांत वाशीमही होता. कारंजाच्या परिसरातील शेतकऱ्याला आजही पाऊस, बाजारभाव आणि कर्ज यांचे कोडे सुटलेले नाही. कोवळा जोंधळा कापणाऱ्या त्या शेतकऱ्याची कथा त्याला धीर देत असेल, तर ती त्याच्यापासून कोणी हिरावून घेऊ नये. मात्र ‘हे तुझ्याच पापाचे फळ’ किंवा ‘हे अमुक लोकांमुळे’ असे सांगणारी कथा घेऊन त्याच्या दारी जो येईल, तो कोणत्याही धर्माचा असो, त्याला ओळखावयास शिकले पाहिजे. धर्मग्रंथाच्या समीक्षेचे कार्य एवढेच आहे. चमत्कार घडला की नाही, या वादात तिने फार काळ रेंगाळू नये. चमत्कार संपल्यावर कोणाला घरी परत पाठविले गेले, हे तिने विचारावे. सात रेघा ओलांडून आलेला तो माणूस भस्म धुतल्यावर कोठे गेला, तेथे त्याचे काय झाले, हे ‘गुरुचरित्र’ सांगत नाही. त्याची ती अर्धी राहिलेली गोष्ट पुरी करण्याची जबाबदारी वाचकांवर आहे, आणि आपणही त्या वाचकांतच आहोत.