‘बाईक गावक कधी देतले?’ : ‘भिन्न षड्ज’ पाहणारी माणसे

अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांचा किशोरी आमोणकरांवरचा ‘भिन्न षड्ज’ हा माहितीपट २०११ सालचा. मी तो पहिल्यांदा शहरात पाहिला, गाण्यातल्या जाणकारांबरोबर. बाहेर पडताना चर्चा रंगली ती ताईंच्या स्वभावाची. आयोजकांना सुनावणे, श्रोत्यांत कुजबुज झाली की गाणे थांबवणे, वगैरे. गाण्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही. ते सगळ्यांना ठाऊकच होते. मीही त्याच सुरात बोललो आणि फिल्म उत्तम आहे असे ठरवून घरी आलो. ते मत पुढे धामापुरात बदलावे लागले.

गेल्या मे महिन्यात आमच्या खळ्यात चादर बांधून मी ती फिल्म पुन्हा लावली. वीसएक माणसे होती. मुंबईहून आलेले चाकरमानी, आसपासच्या बायका, शाळकरी पोरे आणि दशावतारात आयुष्यभर पेटी वाजवलेले एक शेजारी. कोण कुठे काय बोलले, ते मी वहीत टिपत होतो. वीस माणसांवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळते. पण आपल्याकडे संगीतावरच्या फिल्मचे परीक्षण एकाच माणसाच्या मतावरून लिहिले जाते, त्यापेक्षा वीस बरे.

पहिली प्रतिक्रिया आली ती तक्रार म्हणूनच. गाण्याचा एक तुकडा सुरू झाला, सूर लागला आणि त्यावर बोलणे आले. पुन्हा तुकडा, पुन्हा बोलणे. पेटीवाले शेजारी म्हणाले, “बाईक गावक कधी देतले?” लोक हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. ज्या बाईंनी मैफलीत एक कुजबुज सहन केली नाही, त्यांच्याच गाण्यावर फिल्म पुन्हा पुन्हा बोलत राहते. त्या बोलण्यात ताईंचे स्वतःचे बोलणे आहे, ते मोलाचे आहे, हेही खरे. ते ऐकावेसेच वाटते. पण स्वराविषयीचे बोलणे आणि स्वर यांतला फरक त्यांनीच आयुष्यभर सांगितला होता.

राग भिन्नषड्जात ऋषभ आणि पंचम वर्ज्य. उरलेल्या पाच स्वरांत तो राग पुरा होतो, कारण काय वगळायचे ते ठरलेले असते. संकलकाने इथे वगळला आहे तो विस्तार, म्हणजे नेमके जयपूर घराण्याचे आणि किशोरीताईंच्या आलापीचे मर्म. मागे उरते ते व्यक्तिचित्र. म्हणून शहरातले आम्ही स्वभावावर बोलत बाहेर पडलो. फिल्मने जे हातात दिले, त्यावरच बोललो.

तुलनेसाठी अरेथा फ्रँकलिनचा ‘अमेझिंग ग्रेस’ घ्यावा. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री चित्रित झालेला हा कार्यक्रम आवाज आणि चित्र जुळवता न आल्यामुळे अडकून पडला. पुढे खुद्द अरेथाने कोर्टात जाऊन त्याचे प्रदर्शन थांबवले. तिच्या मृत्यूनंतर, २०१८ मध्ये तो पडद्यावर आला. त्यात मागाहून घेतलेल्या मुलाखती जवळपास नाहीत. समोर बसलेली माणसे उठतात, हात वर करतात, रडतात, आणि गाणारीच्या मागचा गायकवृंदही त्यांच्यासारखाच भारावतो. तिथे श्रोता गाण्याचा हिस्सा आहे. ख्यालाच्या मैफलीत समेवरची दाद असते, पण किशोरीताईंना ती दादही फारशी नको असे. लोकांचे मनोरंजन करायला आपण गात नाही, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. अशा गायिकेची फिल्म करणे अवघडच. श्रोत्यांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा फिरवून ते काम भागत नाही.

खळ्यातली माणसे सर्वांत जास्त शांत झाली ती मोगूबाईंचा विषय निघाला तेव्हा. मुलगी आईविषयी, आईला कलावंत म्हणून मिळालेल्या वागणुकीविषयी बोलते, तिथे बायका पुढे सरकून बसल्या. गोव्याकडे माहेर असलेल्या एका काकींनी हळूच विचारले, “ती कुर्डी पाण्याखाली गेली मा?” हो, मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी साळावली धरणात गेले आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाचे अवशेष वर येतात. सुमारे १५३० साली बांधलेल्या तळ्याकाठी राहणाऱ्या आम्हां धामापूरकरांना तळे म्हणजे शेतीचे पाणी आणि भगवतीचे देऊळ. पाण्याने अख्खे गाव जाते, ही कल्पना तिथे कोणालाच सहन झाली नाही. ताईंचा करारीपणा कुठून आला, हे त्या पाच मिनिटांत बायकांना जितके कळले तितके आम्हां जाणकारांना कळले नव्हते. आम्ही त्याला ‘मूड’ म्हणत होतो.

फिल्म संपल्यावर, पेटीवाल्यांच्या आग्रहावरून, मी ताईंचे भिन्नषड्जाचे जुने ध्वनिमुद्रण स्पीकरवर लावले. पूर्ण, मध्ये न थांबवता. आता माझी बाजू सिद्ध होईल अशी मला खात्री होती. विलंबित सुरू झाला. दहा मिनिटांत पोरे झोपली. चाकरमान्यांतले दोघे ‘सकाळी लवकर निघायचे आहे’ म्हणून उठले, मग बायका एकेक करून गेल्या. शेवटी आम्ही पाच जण उरलो.

म्हणजे संकलकाची भीती खोटी नव्हती. ‘आता तरी गाणे पुरे ऐकू द्या’ म्हणणाऱ्यांतलेही काही जण निघून गेले होते, ते माझ्या वहीत नोंदले आहे. मी तसे बोलून दाखवले, तेव्हा पेटीवाले म्हणाले, “आमच्या नाटकातय पहाटेक चार माणसा उरतत. तरी राजाक गावचाच लागता.” मग त्यांनी मला गप्प राहायला खुणावले, कारण द्रुत सुरू झाली होती.