अवतरणाला श्रोता हवा

दूरचित्रवाणी मालिकांत थोरांच्या वचनांचा सध्या सुकाळ आहे आणि वचने जितकी वाढली तितका त्यांचा अर्थ पातळ झाला आहे. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत शिरोवचन उमटते, म्हणजे कथेचा सूर आधीच सांगून ठेवण्यासाठी आणलेले दुसऱ्याचे वाक्य. खलनायक व्यासंगी आहे हे पटावे म्हणून त्याच्या तोंडी नीत्शे घातला जातो. आणि शेवट सुचला नाही की शेक्सपिअर धावून येतो. ही साथ सर्वांत जोमाने पसरवली ती ‘क्रिमिनल माइंड्स’ने. २००५ ते २०२० या काळातील १५ पर्वांच्या आणि ३२४ भागांच्या या अमेरिकी गुन्हेतपास मालिकेत बहुतेक भागांच्या आरंभी वा अखेरीस एखादे वचन असते, तेही दृश्यातील कोणाला उद्देशून नव्हे, तर पडद्याआडच्या आवाजात आणि कर्त्याच्या नावासकट. पहिल्याच भागात जोसेफ कॉनरॅडच्या ‘अंडर वेस्टर्न आइज’ या कादंबरीतील माणसाच्या दुष्टपणाविषयीचे वाक्य येते. कादंबरीत त्या वाक्याभोवती रशियन क्रांतिकारक आहेत, खबरे आहेत, एका विश्वासघाताचे ओझे आहे. मालिकेत उरते ते आडनाव आणि कागदपत्रांवर शिक्का मारावा तसे ते प्रेतावर मारले जाते.

वारकरी कीर्तनात ‘प्रमाण’ देण्याची पद्धत आहे. निरूपणासाठी घेतलेल्या अभंगाचा अर्थ लावताना दुसऱ्या संतवचनाचा आधार देणे, असा त्याचा अर्थ. कीर्तनकाराने प्रमाण दिले की टाळकरी ते उचलून धरतात, समोरच्या मंडळींपैकी अनेकांना ते पाठ असते आणि गैरलागू प्रमाण तिथल्या तिथे उघडे पडते. प्रमाणाची पारख श्रोत्यासमोर होते. नाट्यातील अवतरणालाही हीच कसोटी लावली पाहिजे: दृश्यात ते वाक्य ऐकणारे, चुकीचे समजणारे किंवा त्यापायी काही गमावणारे माणूस नसेल, तर ते वाक्य कितीही थोराचे असो, केवळ सजावट ठरते.

या कसोटीला ‘द सोप्रानोज’ उतरते. येट्सची ‘द सेकंड कमिंग’ ही कविता उद्धृत करून करून गुळगुळीत झालेली आहे, तरी या मालिकेत ती दोनदा येते आणि दोन्ही वेळा टोचते. २००४ मधील एका भागात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मेल्फी तिच्यातील शब्द टोनी सोप्रानोला ऐकवतात आणि त्या टोळीप्रमुखाला त्यातले अवाक्षर कळत नाही. २००७ मध्ये त्याचा मुलगा ए. जे. तीच कविता अभ्यासासाठी वाचतो आणि पुढे घरच्या जलतरण तलावात जीव देऊ पाहतो. एका कवितेचे हे दोन श्रोते, एक काही न समजणारा आणि दुसरा नको इतके समजलेला. बापाला न कळलेली कविता शेवटी त्याला मुलासकट पाण्यातून ओढून काढावी लागते.

‘द वायर’ची (२००२ ते २००८) कामगिरी त्याहून मोठी आहे, कारण तिने शिरोवचनाची व्यवस्थाच उलटी केली. बाल्टिमोर शहरावरील या मालिकेत जवळजवळ प्रत्येक भाग शिरोवचनाने सुरू होतो. मात्र ते वाक्य ग्रंथातले नसून बहुधा त्याच भागातील एखाद्या पोलिसाचे, गोदी कामगाराचे किंवा गर्दुल्ल्याचे असते आणि खाली नाव त्याचेच असते. प्रेक्षक ते आधी वाचतो, मग तासभर ते कोणाच्या तोंडून, कोणत्या नाइलाजाने बाहेर पडते याची वाट पाहतो. अखेरच्या भागात शिरोवचन मेंकन या पत्रकाराचे आहे, पण तेही वृत्तपत्राच्या कचेरीतल्या भिंतीवर दिसते, म्हणजे त्यालाही पत्ता आहे. दुसऱ्या पर्वात तुरुंगातील वाचनगटात ‘द ग्रेट गॅट्सबी’वर चर्चा होते, आयुष्यात दुसरी संधी नसते अशा आशयाचे फिट्झजेराल्डचे वचन निघते, त्यावर डिअँजेलो बार्क्सडेल हा कैदी आपल्या भूतकाळाविषयी बोलतो आणि त्याच भागात त्याचा गळा आवळला जातो. समीक्षकांनी गॅट्सबीवर लिहिलेल्या कित्येक पानांपेक्षा हे निरूपण नेमके आहे. पाचव्या पर्वात तर व्यसनातून सुटू पाहणारा बबल्स आणि त्याला सावरणारा वॉलन यांच्यात काफ्काचे एक वाक्य कागदाच्या तुकड्यावरून पोचते आणि हा काफ्का कोण हे दोघांनाही ठाऊक नसते. नाव गळून पडले आणि वाक्य कामाला आले.

‘ब्रेकिंग बॅड’मध्ये गेल हा रसायनज्ञ प्रयोगशाळेत नायक वॉल्टरला व्हिटमनची कविता म्हणून दाखवतो, पुढे वॉल्टरच त्याच्या खुनाची व्यवस्था करतो आणि गेलने लिहून दिलेली व्हिटमनची प्रतच शेवटी हँक या तपास अधिकाऱ्याच्या हाती लागून वॉल्टरला उघडे पाडते, अवतरणाने सूड घ्यावा तो असा. ‘वेस्टवर्ल्ड’मध्ये शेक्सपिअरचे वाक्य यंत्रमानवाकडून यंत्रमानवाकडे रोगासारखे संक्रमित होते, ही कल्पना उत्तम आणि बाकीची मालिका विसरण्याजोगी. ‘मॅड मेन’मधील फ्रँक ओहाराच्या कवितेचे वाचन देखणे आहे, इतकेच.

‘भारत एक खोज’चे (१९८८) शीर्षकगीत या नियमात बसत नाही, हे मान्य करावे लागते. ऋग्वेदातील नासदीय सूक्ताचा वसंत देव यांनी केलेला हिंदी अनुवाद वनराज भाटियांच्या संगीतात ऐकू येतो तेव्हा दृश्यात श्रोता कोणी नसतो. पण ते सूक्त मुळात प्रश्न आहे आणि प्रश्नाचा श्रोता पडद्याबाहेर बसलेला असू शकतो. निकाल देणाऱ्या सुभाषिताला ही सवलत मिळत नाही.

सुभाषितांच्या कैवाऱ्यांचा युक्तिवाद असा की त्यानिमित्ताने सामान्य प्रेक्षकापर्यंत कॉनरॅड पोचतो. पोचते ते नाव, आणि नाव पोचवण्यासाठी मालिका लिहायची गरज नाही, दिनदर्शिकेची पाने पुरेशी आहेत. बबल्सपर्यंत काफ्का नावाशिवाय पोचला, हे या मंडळींनी लक्षात घ्यावे. सामान्य प्रेक्षकाला नावाचा धाक घातल्याशिवाय वाक्य पेलत नाही, हे गृहीतकच त्याचा अपमान करणारे आहे. ‘द हँडमेड्स टेल’ने या धाकालाच घोषणेचे रूप दिले. मार्गारेट ॲटवुड यांच्या १९८५ च्या कादंबरीत नायिकेला कपाटात कोरलेले काही मोडके लॅटिन शब्द सापडतात, ती ते प्रार्थनेसारखे जपते आणि नंतर कळते की ती शाळकरी मुलांची थट्टा होती आणि हा खुलासा करणारा पुरुष तिचा मालक आहे. २०१७ च्या मालिकेतही हा खुलासा आहे, पण चौथ्या भागाला नाव त्या शब्दांचेच दिलेले आहे आणि भाग संपतो तो दासींच्या संथ चालीवर नायिकेच्या पडद्याआडच्या आवाजातील त्याच शब्दांनी, म्हणजे ‘क्रिमिनल माइंड्स’च्याच रीतीने. पुढे ते शब्द गोंदवून घेतले गेले, शर्टांवर छापले गेले. ते कपाटात कोरणारी आधीची स्त्री गळफास घेऊन मेली होती, हे शर्टावर छापलेले नसते.